हिरव्या काठाची पट्टी

घरशाळेचा पहिला दिवस म्हणून अक्षता बुगडेनं लेकीच्या केसांना तेल चोपडलं. चांगलं वाटीभर खोबरेल, कपाळावर ओघळेल इतकं. मग दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि कुंकवाचं बोट. दहा वर्षांची ईश्वरी हे सगळं मुकाट्यानं सोसत होती. पण आईनं दप्तर भरायला घेतलं तेव्हा मात्र तिला राहवेना.

"आई, शाळा घरातच हाय नव्हं? मग दप्तर कशाला?"

"शाळा म्हटल्यावर दप्तर नको? परसदारानं बाहेर जा, गोठ्याला वळसा घाल आणि पुढच्या दारानं आत ये. घरातनं उठून घरातच बसलीस तर शाळेला गेल्यासारखं वाटायचं कसं?"

ईश्वरी गेली. गोठ्यातल्या म्हशीनं दप्तरवाल्या पोरीकडं मान वळवून पाहिलं. पुढच्या दारात चपला काढून ईश्वरीनं विचारलं, "आत येऊ का, बाई?" अक्षता "या" म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं. मुलांना घरी शिकवायला घेणारा जवळपास प्रत्येक आईबाप पहिल्या दिवशी हेच करतो. शाळा नको म्हणून घरी बसतो आणि घराची शाळा करून टाकतो.

अक्षताला शाळेचं वावडं नव्हतं. आजरा तालुक्यातल्या त्यांच्या करंबेवाडीची शाळा गेल्या वर्षी बंद पडली, कारण पटावर पोरंच सहा उरली होती आणि त्यांतली तीन एका घरातली. अशा सगळ्या वाड्यांसाठी मग घाटाखाली एक समूह शाळा निघाली. शाळा चांगली होती, बोट ठेवायला जागा नव्हती. पण ती बत्तीस किलोमीटरवर. तिथं जायचं म्हणजे वसतिगृहात राहायचं आणि महिन्यातून एकदा घरी यायचं. चौथीचं वर्ष ईश्वरीनं तिथं काढलं. पहिल्याच सुट्टीत ती घरी आली, जेवून उठली, ताट धुतलं आणि माठापाशी उभी राहून म्हणाली, "मी पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात पोरगी पाण्याला परवानगी मागते हे अक्षताच्या फार जिवाला लागलं. त्या दिवशीच तिनं ठरवलं की पाचवीला पोरगी घरी.

घरशाळेचा कायदा येऊन चार वर्षं झाली होती. अर्ज केला की पंचेचाळीस दिवसांची चाचणी मिळायची. तेवढ्या दिवसांत मूल खरोखर शिकतंय असं दिसलं तर कायमची परवानगी, नाहीतर वसतिगृह. अक्षताचा नवरा संग्राम डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीला होता आणि शनिवारी घरी यायचा. त्यानं अर्ज वाचून डोकं खाजवलं.

"दहावीच्या गणितात दोनदा आपटलीस तू. आणि तू शिकवणार?"

"मी कुठं शिकवणार? यंत्र शिकवणार. मी नुसतं शेजारी बसायचं," अक्षता म्हणाली. संग्रामच्या बोलण्यात खोट नव्हती. पण ते तिला लागलं, आणि लागलं हे तिनं दाखवलं नाही.

ते यंत्र म्हणजे एका खोक्यात आलेल्या तीन वस्तू. एक पडदा, ज्याला सगळे पाटीच म्हणायचे. तो बोलायचा, प्रश्न विचारायचा, चित्रं काढायचा. आणि कपाळावर बांधायच्या दोन मऊ कापडी पट्ट्या. हिरव्या काठाची शिकणाऱ्यासाठी, राखाडी काठाची शेजारी बसणाऱ्या मार्गदर्शकासाठी. आजऱ्याला पालकांची बैठक झाली होती, तिथं पडताळणी अधिकारी नाईकवडी मॅडमनी हिरव्या पट्टीचं मर्म सांगितलं होतं. माणसाला एखादी गोष्ट खरोखर उमजते त्या क्षणी मेंदूत, उजव्या कानशिलाच्या आतल्या बाजूला, विजेची एक बारीक लहर उठते. घोकलेलं उत्तर सांगताना ती उठत नाही. ऐकून मान डोलावतानाही नाही. पट्टी ती लहर टिपते आणि पाटीच्या कोपऱ्यातला छोटा दिवा लागतो.

"आणि नवल म्हणजे," मॅडम म्हणाल्या होत्या, "ही लहर अर्धा सेकंद आधी उठते. आपल्याला कळलं हे आपल्याला कळायच्या आधी पट्टीला कळलेलं असतं."

घरी येताना बसमध्ये अक्षता तो अर्धा सेकंद मोजून बघत होती, आणि तो काही तिच्या हाती लागला नव्हता.

तर पहिल्या दिवशी हिरवी पट्टी ईश्वरीच्या कपाळाला लावली आणि पाटी म्हणाली, "संपर्क नाही." पुसून लावली. "संपर्क नाही." वाटीभर तेलाचा हा प्रताप. कपाळ साबणानं धुतलं तरी केसांतून तेल पुन्हा झिरपत होतं. पट्टीच बिघडलेली तर नाही ना, हे बघायला अक्षतानं ती स्वतःच्या कपाळाला लावली. पोरीच्या आंघोळीच्या पाण्यात आधी आपला हात घालून बघण्याची सवय, तसंच हे. पाटी लगेच म्हणाली, "शिकणाऱ्याची पट्टी जोडली गेली." उरलेल्या राखाडी पट्टीला मागून इलॅस्टिक होतं. ती ईश्वरीच्या डोक्यावर तेलासकट घट्ट बसली, आणि पाटी म्हणाली, "मार्गदर्शकाची पट्टी जोडली गेली. शिकणाऱ्याचं नाव सांगा."

"ईश्वरी संग्राम बुगडे," अक्षता म्हणाली.

आणि इथं ती चुकली. तिचा हिशेब साधा होता. रेशनपासून दवाखान्यापर्यंत आजवर तिनं जिथं जिथं पोरीचं नाव सांगितलं, तिथं काम पोरीच्याच नावावर झालं. नाव दिलं म्हणजे यंत्राला कळलं कोण शिकतंय ते. पट्टी कुणाच्या का कपाळावर असेना. दुसऱ्या दिवशी ईश्वरीचे केस धुऊन तिनं पट्ट्या बदलायला घेतल्या, तर पाटीनं बजावलं, "पट्टी बदलल्यास नोंद पुन्हा शून्यापासून सुरू होईल." सुरळीत चाललेल्या कामात कशाला बोट घाला, असं म्हणून अक्षतानं हात आवरला.

अशा तऱ्हेनं करंबेवाडीत घरशाळा सुरू झाली.

"अर्धा गुणिले अर्धा किती?" पाटीनं विचारलं.

"ईशू, सांग."

"पाव."

"उत्तर बरोबर," पाटी म्हणाली. "आता हेच वेगळ्या पद्धतीनं पाहू." आणि तिनं भाकरीचं चित्र काढलं. मग जमिनीच्या तुकड्याचं. मग पाण्याच्या टाकीचं. ईश्वरी दरवेळी पाव सांगत होती आणि दिवा काही लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी अक्षताचा तोल गेला.

"पोरगी बरोबर सांगत्येय की! पुन्हा पुन्हा तेच काय विचारायलाय?"

"उत्तर बरोबर आहे," पाटी थंडपणे म्हणाली. "समज अजून आलेली नाही."

अक्षता लेकीकडं वळली. "बघ. यंत्राला सगळं दिसतंय. घोकलेलं इथं चालायचं न्हाई. डोकं लाव जरा."

ईश्वरी थोडा वेळ पाटीच्या कोपऱ्यातल्या विझलेल्या दिव्याकडं बघत राहिली, मग आईच्या कपाळाकडं.

तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून काजूगरांचा डबा घेऊन आली. अक्षता दुपारी वाडीतल्या बायकांच्या काजू केंद्रात निवडायला जायची. आख्खा गर एका सुपात, दोन फाकांतली एकेक पाकळी दुसऱ्यात, तुकडे तिसऱ्यात. त्यामुळं घरात इतर कशाचा तुटवडा असला तरी फुटक्या काजूंचा नसायचा.

"आई, मी तुला समजावून सांगू? म्हंजे माझं पण पक्कं होईल."

"सांग की. पण मला एक सांग," अक्षतानं आवाज उगाचच खाली केला, "गुणलं की वाढायला पाहिजे. मग अर्ध्याला अर्ध्यानं गुणून पाव कसा होतो? कमी कसं होतं?"

हा प्रश्न तिनं सहावीत एकदा विचारला होता. वर्ग हसला होता, आणि मग तिनं पुन्हा कधी काही विचारलं नव्हतं.

ईश्वरी हसली नाही. तिनं चार काजू मांडले. "हे चार. तीनदा घेतले तर?"

"बारा."

"दोनदा घेतले तर आठ. एकदा घेतले तर चार. आता अर्ध्यांदाच घेतले तर?"

"अर्ध्यांदा कसं घेणार? ...दोन. दोनच उचलायचे."

"मग तिनानं गुणलं तर वाढलं, एकानं गुणलं तर तेवढंच राहिलं, आणि अर्ध्यानं..." ईश्वरीनं चारही काजू बाजूला सारले, एकच पाकळी आईसमोर ठेवली आणि ती गप्प झाली.

अक्षता पाकळीकडं बघत राहिली. म्हणजे अर्धा काजू. तो पुरता एकदासुद्धा घ्यायचा नाही. अर्ध्यांदाच घ्यायचा. कोपऱ्यातला दिवा लख्ख हिरवा लागला, आणि त्याच्या मागोमाग अक्षताच्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं. गुणणं म्हणजे वाढवणं नव्हेच. गुणणं म्हणजे कितीदा घ्यायचं ते! वीस वर्षांहून जास्त काळ ती एका चुकीच्या दारावर डोकं आपटत होती.

"दिवा लागला! ईशू, कळलं बघ तुला!" ती ओरडली. तिला एवढा आनंद झाला होता की तिनं पोरीला जवळ ओढून तिचा मुका घेतला.

"व्हय," ईश्वरी म्हणाली. "कळलं."

कुणी म्हणेल, बाईला एवढंही समजू नये? दिवा लागतो त्याच क्षणी आपल्यालाही उमजतं, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, पण तिनं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. मायलेकींना एकदमच कळतं, याहून गोड काय असणार? शनिवारी संग्रामला तिनं हे कौतुकानं सांगितलंसुद्धा. त्यानं मान डोलावली आणि तो पवनचक्कीच्या पात्यांविषयी बोलू लागला. तर अक्षतानं त्याला विचारलं, "पातं दुप्पट लांब केलं तर वीज दुप्पट का हो मिळत न्हाई, चौपट का मिळते?" संग्राम जेवता जेवता थांबला. हे त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे दिवस भराभर गेले. अपूर्णांक सरले, गुणोत्तर आलं, मग उणे संख्या, मग अक्षरांची गणितं. दप्तर कुठं तरी खुंटीला लटकलं, गोठ्याचा वळसा आपोआप बंद झाला. शाळा कधी ओट्यावर भरे, कधी विहिरीच्या कठड्याशी. पाटी प्रश्न टाकायची, अक्षता आधी अडायची, मग चिडायची. "हे असलं कशाला शिकायचं पोरांनी?" म्हणून पाटी उलटी करून ठेवायची. ईश्वरी ती सुलट करायची. मग ती आईला काहीबाही विचारायची, दोरीला गाठी मारायला लावायची, अंगणात पावलं मोजायला लावायची. कुठं तरी मध्येच बोलायची थांबायची. आणि दिवा लागायचा. काजू केंद्रातल्या बायका म्हणू लागल्या, अक्षता हल्ली निवडताना स्वतःशीच हसते. ती हसायचीच. सुपातल्या पाकळ्या आणि आख्खे गर यांचं प्रमाण तिला न मोजता दिसू लागलं होतं, आणि जगात असं बरंच काही आपल्यापासून इतकी वर्षं लपून होतं याची तिला मजा वाटत होती.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी नाईकवडी मॅडम स्कूटरवरून चढण चढून आल्या. पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मग या खात्यात आलेल्या. चहा होईपर्यंत त्या ईश्वरीशी म्हशीविषयी बोलल्या, मग त्यांनी आपली पाटी उघडली.

"अक्षताताई, आधी शिकणाऱ्याचा आलेख बघा. पाचवीचं गणित बारा दिवसांत संपलं, आता आठवीच्या दारात आहे. तालुक्यात असा आलेख मी पाहिलेला नाही. फक्त एका गोष्टीचं नवल वाटलं. अपूर्णांकांची अडचण फार जुनी दिसते, वर्षानुवर्षं मुरलेली. दहा वर्षांच्या पोरीत एवढी कशी मुरली?"

"घोकंपट्टी, मॅडम," अक्षता म्हणाली. तिची छाती अभिमानानं भरून आली होती.

"असेल. आणि आता तुमचा अहवाल. मार्गदर्शकाचा." मॅडमनी चष्मा नीट केला. "ही राखाडी पट्टी साधी असते. तुमचं लक्ष कुठं आहे, तुम्ही बोलता कधी, थांबता कधी, चिडता कधी, एवढंच ती टिपते. तुमच्या नोंदीत लिहिलंय, शिकणाऱ्याच्या चुकीवर मार्गदर्शक पंचेचाळीस दिवसांत एकदाही चिडलेला नाही. मला वीस वर्षांत एक आठवडाभरसुद्धा हे जमलं नाही हो."

अक्षतानं हातातली बशी खाली ठेवली. एकदाही नाही? काल सकाळीच तिनं पाटी पालथी घातली होती.

"आणि हे तर मी तीनदा तपासलं," मॅडम सांगत होत्या. "दिवा लागला एकशे बारा वेळा. त्यांतल्या एकशे चार वेळा, दिवा लागायच्या आधी मार्गदर्शक बोलायचा थांबलाय. एक सेकंद, कधी दीड सेकंद आधी. पट्टीला अर्धा सेकंद आधी कळतं, तुम्हाला त्याच्याही आधी कळत होतं. कसं करता तुम्ही हे?"

अक्षतानं ईश्वरीकडं पाहिलं. ईश्वरी पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा ओढत होती आणि वर बघत नव्हती. समोर ठेवलेली ती पाकळी, मध्येच थांबलेलं ते बोलणं, ते सगळं अक्षताच्या डोळ्यांपुढून सरकलं, आणि या वेळी उमजायला तिला कुठल्याच दिव्याची गरज पडली नाही. शिकणारी ती होती. शिकवणारी ही, दहा वर्षांची.

"इथं अंगठा टेकवा," मॅडमनी पाटी पुढं सरकवली, "की परवानगी कायमची. ईश्वरी घरी."

अंगठा टेकवायला एक क्षण पुरला असता. नोंदीवर नाव ईश्वरीचंच होतं, कुणालाही कळलं नसतं. ईश्वरीनं आता मान वर केली होती आणि ती डोळ्यांनी सांगत होती, टेकव. अक्षताचा हात पुढं झालासुद्धा. पण उद्यापासून ही पाटी काय करणार, हे तिच्या मनात आलं. ती आईलाच शिकवत राहणार आणि पोरगी आईला सांभाळत राहणार. ईश्वरीला स्वतःला कुठं अडतं, हे जगात कुणालाच कळणार नाही. आईलासुद्धा नाही.

"मॅडम, हा आलेख माझा हाय," ती म्हणाली. "पोरीचा न्हाई. पट्ट्या उलट्या बांधल्यात आम्ही, पहिल्या दिवसापासनं."

मग तिनं तेलापासून सगळं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. सांगून होतंय तोच ईश्वरीचा बांध फुटला.

"कशाला सांगितलंस? मला जायचं न्हाई तिकडं!"

"तुला ठाऊक होतं?"

"तिसऱ्या दिवशी कळलं. मी उत्तर सांगायची तर दिवा लागायचा न्हाई. तुला कळलं की लागायचा." ती हुंदके देत बोलत होती. "सांगितलं असतं तर तू पट्टी काढून ठेवली असतीस. तुला ते यायला पाहिजे होतं. तू तोंडानं म्हणायचीस 'ईशू, सांग', पण तुला स्वतःला सांगायचं असायचं."

अक्षतानं पोरीला पोटाशी धरलं. ज्या गोष्टीची तिला स्वतःला लाज वाटत होती, ती या एवढ्याशा जिवानं पाहिली होती आणि हसण्याऐवजी डबा घेऊन बसली होती.

नाईकवडी मॅडमनी हुंदके थांबू दिले. "ईश्वरी, या दिवसांत तू काय शिकलीस?"

"काय न्हाई." तिनं नाक पुसलं. "आई कुठं अडते ते कळतं आता."

"ते मोजायला माझ्याकडं रकाना नाही गं. बरं, मला एक सांग. तू थांबायचीस म्हणून आईला उमजायचं, की आईला आता उमजणार हे दिसायचं म्हणून तू थांबायचीस?"

ईश्वरीनं बराच विचार केला. "तेव्हा बोलावंसं वाटायचं न्हाई," ती म्हणाली.

मॅडमनी तेवढंच लिहून घेतलं. मग त्या अक्षताला म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मला बरं वाटलं, पण म्हणून मी खोटं लिहू शकत नाही. शिकणारी म्हणून ईश्वरीची नोंद आज कोरी आहे. समूह शाळेची यादी पंधरा दिवसांनी बंद होते, तेवढे दिवस माझ्या हातात आहेत ते देते. उद्या पट्ट्या बदला. तिच्या नावानं वीस वेळा दिवा लागला पाहिजे. वसतिगृहातली एक जागा मला तिच्यासाठी धरून ठेवावी लागेल."

"वीसच? पोरगी हुशार हाय, मॅडम."

"पोरीची मला काळजी नाही," मॅडम उठत म्हणाल्या. "जिथं तिला येतं, तिथं दिवा लागणारच नाही. पाटी तिला न येणाऱ्या ठिकाणी नेणार. आणि तिथं शेजारी तुम्ही असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षतानं हिरवी पट्टी ईश्वरीच्या कोरड्या कपाळावर लावली आणि राखाडी स्वतःच्या. पाटीनं विचारलं, "आधीची नोंद पुसली जाईल. चालेल?" त्या नोंदीत अक्षताचे एकशे बारा दिवे होते. आयुष्यात गणितात ती एवढ्या वेळा कधीच पास झाली नव्हती. तिला वाईट वाटलं, बरंच वाईट वाटलं.

"चालेल," ती म्हणाली.

पाटीनं ईश्वरीला अपूर्णांकांतून, गुणोत्तरांतून झरझर पुढं नेलं. पोरगी पटापट उत्तरं देत होती आणि मॅडम म्हणाल्या तसंच झालं, दिवा एकदाही लागला नाही. मग पाटी म्हणाली, "एकाला तिनानं भाग. दशांश चिन्हानंतर किती तीन येतात, ते सांग."

ईश्वरीनं भागायला घेतलं. शून्य पूर्णांक तीन. पुन्हा तीन. पुन्हा तीन. पानाच्या कडेपर्यंत तिनं तीन मांडले, पान उलटलं, मागच्या बाजूलाही मांडले. "संपेल की," ती पुटपुटली. "कधीतरी संपेल." मग तिची पेन्सिल थांबली.

अक्षताला उत्तर ठाऊक होतं. बाकी दरवेळी तीच उरते, म्हणून पुढचा अंकही दरवेळी तोच येणार. हे तिला गेल्याच आठवड्यात उमजलं होतं, याच ओट्यावर. एक वाक्य, आणि पोरगी सुटली असती. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

सवयीनं तिची नजर दिव्याकडं गेली. दिवा विझलेला होता, आणि तो काही सांगणार असला तरी अर्धा सेकंद आधी सांगणार, त्याच्या आधी नाही. तिनं नजर ओढून लेकीच्या तोंडावर आणली. ईश्वरीच्या भुवया जवळ आल्या होत्या, खालचा ओठ दातांत होता, डोळे कागदावर होते की कागदापलीकडं, ते सांगता येत नव्हतं. हा चेहरा विचार करणाऱ्या पोरीचा होता की हार मानणाऱ्या? अक्षताला ओळखता येईना. पोटच्या पोरीचा चेहरा, आणि ओळखता येईना. पंचेचाळीस दिवस पोरगी तिच्या तोंडाकडं बघत होती आणि ती बघत होती दिव्याकडं.

कधी थांबायचं ते तुला कसं कळायचं गं, असं लेकीला विचारावं, तर त्यासाठी आत्ता बोलावं लागलं असतं.

ईश्वरी हलली नाही. अंगणात म्हैस एकदा हंबरली, विहिरीवरचा रहाट कुणी तरी ओढला. अक्षतानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती बघत राहिली. गप्प राहणं कुठं संपतं, आणि पोरीला एकटं सोडणं कुठून सुरू होतं?